झाड नाही, मटण नाही

भोयर मास्तरांच्या स्वयंपाकघरात पाच फळ्या होत्या, आणि दह्याचं भांडं कुठल्या फळीवर ठेवायचं यावरून त्यांचं रोज स्वतःशीच भांडण होई. दूध प्राण्याचं, म्हणून पहिली फळी. पण विरजण जिवाणूंचं, म्हणून पाचवी. भिंतीपलीकडून मला ऐकू येई, "अबे, तू आहेस तरी कोण?" मग ते दही चिडून खिडकीत ठेवत. दुपारी मांजर येऊन प्रश्न सोडवून जाई.

नागपुरातल्या आमच्या ओळीत बारा घरं आणि एक नळ. मी रेशनिंग ऑफिसात कारकून, मास्तर हायस्कुलात जीवशास्त्र शिकवायचे. एकटेच राहत. शाळेच्या पुस्तकात सजीवांच्या दोनच सृष्टी होत्या, वनस्पती आणि प्राणी. मास्तरांनी कॉलेजच्या लायब्ररीत नवं पुस्तक वाचलं, त्यात निघाल्या पाच; म्हणून स्वयंपाकघरात फळ्याही पाच. बुरशी आणि भूछत्रं यांची सृष्टी वेगळी. तेव्हापासून मास्तरांचं डोकं फिरलं ते फिरलंच.

"भूछत्राले पान आहे? ते उन्हात आपलं अन्न बनवते? नाही ना? मंग त्याले झाडात काहून कोंबता?" हे ते पोस्टमनला विचारत, दूधवाल्याला विचारत. मलाही विचारलं. मी म्हटलं, "मला ऑफिसला जायचंय." तर आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मुलं परीक्षेत पाच सृष्टी लिहून नापास होतील म्हणून हेडमास्तरांनी त्यांच्याकडून दहावीचा वर्ग काढला आणि पाचवीची चित्रकला दिली. पाचवीच्या पोरांनी वर्षभर भूछत्रं काढली.

इथवर मी हसत होते. राग आला तो त्या श्रावणात.

श्रावणात आमच्या ओळीत मटण बंद. मग रश्श्याची हौस भागायची सात्यांवर. सात्या म्हणजे वारुळावर उगवणारी रानातली भूछत्रं. भिवापूरकडची अंजनाबाई पहिल्या एसटीनं यायची, पळसाच्या पानांत गुंडाळलेल्या सात्यांची टोपली घेऊन नळाशी बसायची. सात्यांचा हंगाम पंधरा-वीस दिवसांचा. तेवढ्यात तिच्या मुलीच्या शाळेची सोय व्हायची. आणि माल असा नाजूक, की सकाळी विकला तर विकला, संध्याकाळी त्यात किडे.

एका सोमवारी ओळीतल्या शेवंताबाई सात्या निवडताना म्हणाल्या, "भाजी ताजी हाय वं." मास्तर दाढी करत होते. तोंडाला फेस तसाच घेऊन बाहेर आले.

"भाजी? कोण म्हणते भाजी? हे झाडात मोडतच नाही!"

शेवंताबाईंच्या हातातलं पान खाली पडलं. "म्हणजे? जनावर हाय का हे?"

"जनावराच्या जवळचं म्हणा एक वेळ, पण..."

'पण' कोणी ऐकलंच नाही. बाराही घरांत बोंब झाली, श्रावणी सोमवारी मास्तरानं आपल्याले मटण चारलं. कुणी चुलीवर गोमूत्र शिंपडलं. अंजनाबाई भरली टोपली घेऊन परत गेली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी नळामागं नालीत सात्या ओतताना मी तिला पाहिलं आणि तशीच मास्तरांच्या घरात घुसले.

"मास्तर, तोंडाला कुलूप घालता येत नाही तुम्हाला?"

"मी मटण म्हटलं का? झाड नाही, एवढंच म्हटलं! झाड नाही म्हणजे मटण, हे गणित कोणाचं?"

"ओळीतल्या बायकांचं. त्यांच्याकडे चुली दोनच आहेत, एक भाजीची, एक मटणाची. तुमची तिसरी चूल मी कुठून आणू? उद्या नळावर जाऊन सांगा, माझं चुकलं."

"खोटं बोलू?" मास्तर ओरडले. "वर्ग गेला माझा, तरी नाही बोललो मी खोटं. दोन बायकांसाठी बोलू?"

"एका बाईसाठी," मी म्हटलं. "उद्याही अंजनाबाईची टोपली खपली नाही, तर ती पुढच्या वर्षीही येणार नाही." आणि दार आपटून आले.

सकाळी मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून नळाशी उभे. अंजनाबाई टोपली धरून कडेला बसली होती, तोंड दुसरीकडे.

"ऐकून घ्या," मास्तर म्हणाले. "माझं चुकलं. सात्या झाडातच मोडते. पुस्तकात तसंच आहे." कारल्याचा रस प्यायल्यासारखं तोंड झालं होतं.

"आता कसं!" शेवंताबाई म्हणाल्या. "आमी तं पहिलेच म्हणत होतो. मास्तरले काय समजते रांधण्यातलं!" बायका हसल्या. टोपलीला गराडा पडला. मास्तर मान खाली घालून तसेच उभे होते. बायका पांगल्यावर अंजनाबाईनं रिकामी पानं एकावर एक रचली आणि वर पाहिलं.

"खोटं काहून बोलले जी, मास्तर?"

मास्तर दचकले.

"झाड कायचं ते? ना त्याले पान, ना बी. आमच्या गावात लहान लेकरूबी त्याले झाड नाही म्हणत. जनावरबी नाही म्हणत. ते आपलं वेगळंच हाय."

आता हे पुन्हा पेटणार, म्हणून मी भरती बादली सोडून पुढं झाले. मास्तर पेटले नाहीत. इस्त्रीच्या कपड्यांनिशी नळाच्या ओल्या ओट्यावर बसले.

"वेगळं?"

"वेगळंच."

"अजून कोण कोण आहे तसं, तुमच्याकडे?" त्यांनी विचारलं. आवाज इतका हळू, की मला नळ बंद करून ऐकावं लागलं.