आकाराम पारख्याची नवी गोळी

करीम हकिमाचा काढा पहाटे घेतला की आकारामचं तोंड दुपारपर्यंत कडू राहायचं, आणि त्याची तक्रार नेमकी तीच होती. दुसऱ्या कुणाचं तोंड कडू राहिलं असतं तर बायकोनं एका कानानं ऐकून दुसऱ्या कानानं सोडून दिलं असतं. पण आकाराम शाहूपुरी पेठेत गुळाचा पारखी होता. महाराजांनी पेठ वसवली तेव्हापासून तो मल्लाप्पाशेटच्या अडत दुकानात बसायचा. गाडीतून गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, उतरले की सळईनं टोचून खडा काढायचा, जिभेवर ठेवायचा, डोळे मिटायचे आणि एकच शब्द बोलायचा. 'पहिला', 'मधला', नाहीतर 'जनावरांचा'. भले भले मिशीवाले त्या एका शब्दासाठी उन्हात तिष्ठत उभे राहायचे. त्याच्या शब्दावर गुळाचा भाव ठरायचा आणि भावावर शेतकऱ्यांच्या घरातली लग्नं ठरायची.

अशा माणसाला गोड लघवीचा आजार व्हावा, ही देवाची खोडी म्हणायची की वेंधळेपणा, कोण जाणे. तानाबाईनं परड्यात मुंग्यांची रांग बघितली. दोन दिवस मुंग्यांवर राख टाकली आणि तिसऱ्या दिवशी संशयानं नवऱ्याकडं बघितलं. हकिमानं तपासून गोड बंद केलं. त्या दिवसापासून घरातून गूळ, साखर, पोळीचं पुरण, सगळं हद्दपार झालं. नवऱ्यासमोर आपण कसं खायचं, म्हणून तानाबाईनंही सोडलं. पेठेत चाखलेला गूळ थुंकून टाकायचा, अशी हकिमाची ताकीद होती. ती मात्र आकारामनं एकदाही पाळली नाही. गिळल्याशिवाय गूळ कळत नाही, असं त्याचं ठाम मत होतं.

तीन वर्षं काढ्यावर बरी गेली. मग त्याच्या डोक्यात शिरलं की, या कडूपणापायी आपली जीभ एक दिवस दगा देणार.

"अवो, तोंड कडू आसलं म्हंजे गूळ जास्तच कळंल की," हकीम म्हणाला.

"तुमची जीभ न्हाय ना पणाला लागलेली!" असं म्हणून आकाराम उठला तो परत तिकडं फिरकला नाही.

तानाबाईचा भाऊ सयाजी दरबारच्या कचेरीत कारकून होता, आणि छापलेल्या कागदावर त्याचा देवापेक्षा जास्त विश्वास होता. त्यानं मुंबईहून टपालानं 'मधुदमन गुटिका' मागवल्या. बाटलीवर दंड ठोकणाऱ्या पैलवानाचं चित्र होतं. आत गोळ्यांपेक्षा कागदच जास्त होता. सयाजीनं तो ओसरीवर बसून, हुकूमनामा वाचावा तसा मोठ्यानं वाचला.

"गुटिका दिवसातून तीन वेळा चघळून जिभेवर विरघळू द्यावी. गिळू नये. कामावर जाण्यापूर्वी एक अवश्य घ्यावी. औषध बदलल्यावर घरच्या मंडळींनी पंधरा दिवस पुढील लक्षणांवर नजर ठेवावी. हातास कंप. दरदरून घाम. चक्कर. वेळी अवेळी झोप. अकारण राग."

"अकारण राग तर लगीन झाल्यापासनंच हाय," तानाबाई म्हणाली.

"आक्का, चेष्टा न्हाय ही. नजर ठेवाय लागंल."

तानाबाईनं नजर ठेवली ती अशी की चोरानं चोरी सोडून द्यावी. सकाळी उठल्या उठल्या ती नवऱ्याच्या हातात काठोकाठ भरलेला पितळी पेला द्यायची आणि पाणी सांडतंय का बघायची. तिच्या बघण्यानंच त्याचा हात कापायचा. जेवताना कपाळावरून पदर फिरवून घाम बघायची. सुट्टीच्या दिवशी दुपारी त्याचा डोळा लागला की गदागदा हलवायची.

"काय झालं?" तो दचकून विचारायचा.

"काय न्हाय. झोप लागलीया का शुद्ध गेलीया, ते बगत हुते."

इतक्या पहाऱ्यातून एकच गोष्ट सुटली, कारण ती कागदात छापलेली नव्हती. भाकरी भाकरीसारखी लागत होती, ठेचा तिखट लागत होता, मीठ कमी पडलं तर आकाराम पूर्वीसारखाच खेकसत होता. घरात गोडाचा कणही नव्हता. त्यामुळं त्याची जीभ कुठं मेली आहे हे कळायला घरात काही मार्गच नव्हता. त्याला गोड भेटायचं ते फक्त पेठेत.

दिवाळी होऊन गुऱ्हाळं पेटली होती. पहिली गाडी आली मुरगूडच्या जोतीरामची. जोतीरामचा गूळ म्हणजे वीस वर्षं डोळे झाकून 'पहिला'. त्याचं कारण जोतीराम नव्हता, त्याचा गुळव्या गैबी होता. काहिलीतल्या रसाच्या बुडबुड्यांचा नुसता आवाज ऐकून गैबी ती कधी उतरवायची ते सांगायचा. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजल्याच्या डागांनी भरलेले होते. दर वर्षी पहिल्या गाडीबरोबर तो स्वतः यायचा, मागं उभा राहायचा आणि तो एक शब्द ऐकून खाली मान घालून हसायचा. वर्षाची खरी मजुरी त्याला तिथंच मिळायची.

आकारामनं दुकानात शिरण्याआधी गोळी चघळली होती. त्यानं खडा जिभेवर ठेवला, डोळे मिटले आणि परत उघडले. दुसरा खडा घेतला. मग दुसऱ्या रव्यातला तिसरा.

"जनावरांचा," तो म्हणाला.

जोतीरामचा चेहरा पडला. "आकारामदादा, परत बगा की. आवो, गैबीचा हात हाय."

"बगितला. माती हाय नुसती."

मल्लाप्पाशेटनं लगबगीनं खडा तोंडात टाकला. क्षणभर त्याच्या तोंडावर काहीच उमटलं नाही. मग त्यानं आकारामकडं बघितलं आणि नाक मुरडलं. "अय्यो, व्हय की! मातीच!" शेजारचे दोन अडते पुढं झाले. त्यांनाही मातीच लागली. एकाला तर खडे लागले. जोतीरामनं स्वतः चाखून बघितला आणि मान खाली घातली. शेवटी गैबीनं चाखला. मग तो नुसता आपल्या हातांकडं बघत राहिला.

त्या दिवशी सकाळच्या बाजारात आठ गाड्या आल्या आणि आठही जनावरांच्या ठरल्या. दुसऱ्या दिवशी कोडोलीच्या, तिसऱ्या दिवशी मलकापूरकडच्या. आकाराम घाबरला, पण जिभेला लागेल तेच सांगायचं हा त्याचा तीस वर्षांचा नेम होता, म्हणून प्रामाणिकपणे सगळा मुलूख निकालात काढत गेला. मोठमोठी नुकसानं अशा प्रामाणिक माणसांच्याच हातून होतात. लबाड माणसाला निदान कुठं थांबायचं ते कळतं.

गूळ बिघडला म्हटल्यावर कारण सापडायला उशीर लागला नाही. कुणी म्हणालं, लाकडी चरक टाकून लोखंडी आणले, त्यानं रसाला गंज लागला. कुणी म्हणालं, आगगाडीच्या धुरानं ऊस नासला. कोडोलीत लोखंडी चरक उपसून जुने लाकडी परत रोवले. जोतीरामनं फार विचार केला नाही. त्यानं गैबीला काढून टाकलं आणि सांगलीकडचा नवा गुळव्या आणला. अडत्यांनी मात्र दुःखी चेहऱ्यानं सगळा माल जनावरांच्या भावात भरून घेतला आणि कोठारांना दुहेरी कुलपं लावली. जनावरांच्या खाण्याला एवढी कुलपं कशाला, असं विचारण्याचं कुणाला सुचलं नाही.

सातव्या दिवशी आकारामनं जोतीरामच्या रव्यातला एक मोठा तुकडा घरी आणला.

"म्हशीला घाल," तो म्हणाला. "माणसाच्या कामाचा न्हाय."

तानाबाईनं तुकडा फोडून म्हशीपुढं ठेवला. बोटाला चिकटलेला गूळ सवयीनं चाटला आणि ती गोठ्यातच खाली बसली. तीन वर्षांत तिच्या जिभेनं गोड बघितलं नव्हतं. बराच वेळ ती आली नाही, म्हणून आकाराम बघायला गेला. म्हैस बाजूला उभी होती आणि बायको तिचा वाटा खात होती.

"अगं, माती हाय ती!"

"माती? अवं, आसला गूळ माज्या लग्नात बी न्हवता! तुमास्नी काय झालंय?"

"आताच चाखला की मी. माती."

तानाबाईनं त्याच्याकडं बघितलं, मग त्याच्या गालातल्या फुगवट्याकडं बघितलं. "तोंडात काय हाय?"

"गोळी."

"थुका ती."

तिनं त्याला संध्याकाळपर्यंत दुसरी गोळी घेऊ दिली नाही. दिवेलागणीला एवढासा खडा त्याच्या जिभेवर ठेवला. आकारामनं डोळे मिटले आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. गूळ पहिला होता. पहिल्याच्याही वरचा होता. गैबीनं आयुष्यात केला नसेल असा होता.

करीम हकिमानं बाटलीचा नुसता वास घेतला. "ह्यात बेडकीचा पाला हाय. आमी गुडमार म्हनतो त्याला. पाला वाईट न्हाय, पन चघळला की तास दोन तास गोड कळत न्हाय. साखर खावा, न्हाय तर वाळू खावा. काढ्यात म्या बी घालतो, पन तो तुमी घटाघट गिळून मोकळं हुता आन् दोन-तीन तासांनी पेठंला जाता. तुमी इचाराय आला आसता तर सांगितलं आसतं. पन तुमी कागुद वाचलासा."

आकारामला रात्र काढणं जड गेलं. सकाळी तो पेठेत गेला आणि भर दुकानात हात जोडून उभा राहिला. "मंडळी, चूक माझी हाय. माझी जीभ गोळीनं मेलती. आठ दिवस आलेला सगळा गूळ चांगला हुता. जोतीरामचा तर पहिला हुता."

 मल्लाप्पाशेट गादीवरून पुढं सरकला. "आकाराम, तुमी गोळ्या खाल्ल्या. बरं. आमी काय खाल्लं हुतं?"

"म्हंजे?"

"आमास्नी बी मातीच लागली की. ह्यास्नी लागली, त्यास्नी लागली. जोतीरामला सोताला लागली. आमी सगळी काय खोटी?"

"तुमी चाखलाच कुठं? माझ्या तोंडाकडं बगून बोललासा!"

हे वाक्य खरं होतं, म्हणूनच ते सगळ्यांना झोंबलं. अडते उसळले. एकजण म्हणाला, आजारानं याच्या डोक्यावर परिणाम झाला. जोतीराम तर अंगावरच आला. "म्हंजे मी इस वरसांचा गुळव्या उगंच घालवला व्हय? असं कसं हुईल? गूळ वाईटच हुता!" आपल्याकडून अन्याय झाला असं मानण्यापेक्षा आपला गूळ वाईट होता असं मानणं त्याला सोपं गेलं. नव्या गुळव्याच्या पहिल्या गाडीला आता काय म्हणायचं, याचीच त्याला काळजी होती.

गर्दी पांगल्यावर शेटनं आकारामला आत नेलं आणि पाठीवर हात ठेवला. "कशाला जिवाला लावून घेता? गोळ्यांनी आजाराला बरं वाटतंय न्हवं? मग चालू ठेवा की. बाटली मी मागवतो. शंभर मागवतो."

आकारामला इतकी शरम वाटली की त्याला रागही आला नाही. तीस वर्षं ज्या जिभेचा त्याला गर्व होता, ती मेल्याचा सगळ्यांत जास्त आनंद तिच्यावर दुकान चालवणाऱ्या शेटलाच झाला होता. त्यानं सळई शेटच्या गादीवर ठेवली आणि बाहेर पडला. निदान एका माणसाला तरी खरं सांगायचं आणि त्याचं काम त्याला परत मिळवून द्यायचं, एवढंच आता त्याच्या मनात होतं.

म्हशीच्या वाट्यातले उरलेले दोन खडे फडक्यात बांधून तो मुरगूडला गेला. वाटभर गाडीतले लोक यंदाच्या नासक्या गुळाबद्दलच बोलत होते. एकानं आकारामला ओळखलं नाही आणि त्यालाच सांगितलं, "पावणं, शाहूपुरीचा पारखी म्हनला म्हंजे शंका न्हाय."

गैबी घरापुढं दोर वळत बसला होता. भाजलेल्या हातांना काथ्या टोचत होता. लालबी, त्याची बायको, आत होती. तिनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि परत आत गेली.

"गैबीचाचा, मी चुकलो," आकाराम म्हणाला. "औषधानं माझी जीभ बधिर झालती. गूळ पहिलाच हुता. ह्यो बगा, तुमच्याच रव्यातला हाय. खावा. आन् उद्या माझ्यासंगं जोतीरामकडं चला."

गैबीनं दोर खाली ठेवला, हात पुसले आणि एक खडा जिभेवर ठेवला. त्यानं डोळे मिटले. आकाराम जिवाचा कान करून बसला होता.

"न्हाय, दादा," गैबी म्हणाला. "मातीच हाय."

"अवो चाचा, गोड हाय त्यो! माझी बायको गोठ्यात बसून खात हुती!"

"तुमची बायको पारखी हाय व्हय?" गैबी जराही चिडला नव्हता. "इस वरसं तुमी पहिला म्हनलासा, तवा मला गोड लागला. म्या माज्या जिभंला कंदी इचारलंच न्हाय. आता तुमी माती म्हनलासा. मला वाईट वाटू नये म्हनून आलाय, ते कळतंय मला. लई मोठं मन हाय तुमचं. पन माजा हातच गेला, दादा. काहील काय म्हनती ते आता ऐकू येत न्हाय मला."

आकारामनं फडक्यातला शेवटचा खडा तोंडात टाकला. गेल्या दोन दिवसांत त्यानं गोळीला हात लावला नव्हता. खडा त्यानं जिभेवर इकडून तिकडं फिरवला, परत फिरवला. गोड असावा असं वाटत होतं, पण नक्की सांगता येईना. सारी पेठ, सारी गाडी आणि आता खुद्द गूळ करणारा माणूस एकच गोष्ट सांगत होता.

"काय लागतंय?" गैबीनं विचारलं.

आकारामनं डोळे उघडले आणि गैबीच्या तोंडाकडं बघितलं.

"व्हय," तो म्हणाला. "जरा मातीच लागतीया."