‘जाते’ म्हणायचं नाही

आमच्या शहरात माणूस ‘जातो’ म्हणाला की तो जातो. धूर नाही, आवाज नाही. जागेवर चपला तेवढ्या उरतात. काहीच न बोलता निघावं, तर उंबरा पाय सोडत नाही. म्हणून सगळे ‘येतो’ म्हणूनच निघतात, आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही.

सरकारला नकोशी माणसं काढायची, तर तो शब्द त्यांच्याच तोंडून यावा लागतो. कुणाला जबरदस्तीनं नाहीसं करायचं नाही असा कायदा आहे, आणि हे काम करणारं खातं कायद्याला फार जपतं. मारहाणीला मात्र कायद्याची हरकत नाही.

कुमुद ताम्हाणे एसटी स्टँडवर गाड्यांच्या घोषणा करायची. ‘उद्यापासून निघताना सर्वांनी जातो म्हणावे’ असं फर्मान तिच्यापुढे ठेवलं, तर बाईनं माइकवर खुशाल ‘येतो म्हणावे’ असं वाचलं. झालं! संध्याकाळी घरातून उचललं. दारात ती लेकीला, मुक्ताला, म्हणाली होती, “येते गं.” आता ते खरं करायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

खात्याच्या दिघोळे साहेबांनी तिला खुर्चीला साखळीनं बांधून पायांच्या तळव्यांवर ओली छडी चालवली. झोपू दिलं नाही. कुमुद ओरडली, रडली, साहेबांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला; तो एक शब्द तेवढा बोलली नाही. मग साहेब गोड बोलायला लागले, आणि तिला खरी भीती वाटली ती तेव्हा.

“ताई, चहा घ्या. आलं घातलंय.”

तिनं कप हुंगला. खरंच आल्याचा वास येत होता, म्हणजे काहीतरी काळंबेरं होतं.

“दमलात हो. सोडतोच तुम्हाला. म्हणा बरं, मी आता घरी...”

“राहते.”

“आणि साखळी काढली की तुम्ही काय करता?”

“बसते.”

साहेबांनी मान हलवून भिंतीवर टकटक केली. पलीकडून मुक्ताचा आवाज आला. तोच चिरका सूर, तोच नाकातला हुंदका. “आई, हे काका मारतात गं! तू म्हण ना, म्हणजे मला सोडतील!”

पोरीपुढे कसला आलाय हट्ट? ‘जा’ एवढं कुमुदच्या ओठांवर आलंसुद्धा.

“मग राहू दे, आई,” पलीकडचा आवाज रुसला, “मीच जाते!”

आणि सामसूम.

कुमुदनं कान टवकारले. मग ती हसली. मुक्ता बोलायला लागल्यापासून ती तिला दटावत आली होती, जाते म्हणायचं नाही, येते म्हणावं. पोरगी झोपेतसुद्धा चुकली नसती.

“ती माझी नव्हे.”

“राजहंसबाई?” साहेबांनी भिंतीला हाक मारली. “अहो बाई, पुरे आता.”

“भिंतीतली झडप उघडा,” कुमुद म्हणाली. तिचा अजून स्वतःवरही भरवसा नव्हता. “मला चपला बघायच्यात.”

झडप उघडली. माइक, अर्धा कप चहा, आणि खुर्चीखाली उंच टाचेच्या काळ्या चपला, मोठ्या बाईच्या. कुमुदनं त्या पुन्हा पुन्हा पाहिल्या आणि ती ढसाढसा रडली.

“नकला छान करायच्या,” साहेब हळहळले. “परगावच्या होत्या. तिकडे सर्रास म्हणतात.”

त्यांची सुटायची वेळ झाली होती. टोपी घालून ते उंबऱ्याशी आले आणि थबकले. तोंड उघडलं, घाईनं मिटलं. लोकांकडून तो एकच शब्द वदवून घेता घेता त्यांच्या जिभेलाही तेच वळण लागलं होतं.

“निघालात?” कुमुदनं विचारलं, अगदी घरच्यासारखं.

साहेबांना दरदरून घाम फुटला. “ताई, तो दुसरा शब्द काय हो?”

“आधी साखळी काढा. मग सांगते.”

साहेबांनी तिच्याकडे संशयानं पाहिलं, उंबऱ्याकडे पाहिलं, आणि किल्ली काढली. कुमुद सुजलेल्या पायांनी भिंतीला धरत दारापर्यंत गेली.

“येते हं,” ती म्हणाली.

“या,” साहेब सवयीनं म्हणाले.