दुधराम मास्तरांचा आंबिया बहार

आमच्या घरात बायका तीन आणि चपलांचा जोड एक. जोड आईचा. आईचं पाऊल रुंद, माझं अरुंद, आणि धाकट्या कमलचं तर बाहुलीचं. तरी कॉलेजात मी जात होते म्हणून जोड माझ्या वाट्याला आला. बोटांनी गच्च धरून, टाच घसरू न देता, त्या जोडावर मी बी.ए. झाले. आई मिलमध्ये सूत गुंडाळायच्या खात्यात होती. ती पाळीला अनवाणीच जायची. "मिलमध्ये पाय कोन पाह्यते?" म्हणायची. बाबा सायकलरिक्षा चालवायचे. पायडल मारताना चपला अडचण करतात असं त्यांचं म्हणणं. आमच्या घरी गरिबीला सबब नेहमी तयार असे.

आईचा अंदाज मात्र चुकलेला होता. मिलमध्ये पाय पाहणारा एक माणूस होता, आणि तो दुसरं काहीच पाहत नव्हता.

दुधराम मास्तर मिलच्या फाटकावर हजेरी घेत. त्यांच्या खिडकीची झडप कधीकाळी अर्धी खाली येऊन अडकली ती तशीच राहिली. मास्तर आत बुटक्या स्टुलावर बसत. त्यामुळे त्यांना बाहेरचा माणूस कमरेपासून खालीच दिसायचा. झडप दुरुस्त करा असा अर्ज त्यांनी एकोणतीस वर्षांत केला नाही. हजेरीचा पितळी बिल्ला खिडकीत येण्याआधीच आतून आवाज यायचा, "काहून वं गंगूबाई, डावा गुडघा रुसला काय आज?" किंवा "काय गा, भांडून आला घरून?" एखादा सुटीच्या दिवशी बाजारात समोर येऊन नमस्कार करी, तेव्हा मास्तर कोऱ्या नजरेनं त्याच्या तोंडाकडे बघत. तो दोन पावलं पुढे गेला की मागून ओळख पटायची. "अरे, तू व्हय! तोंड दाखवत बसला, मंग कसा ओळखू मी?"

"तोंड खोटं बोलते. चाल बोलते ते खरं." हे त्यांचं ब्रह्मवाक्य. दिवसातून दहादा तरी ऐकू यायचं.

एवढ्यावर थांबले असते तर नागपुरात असे विक्षिप्त पुष्कळ. पण मास्तरांची नाचाची कंपनी होती. सीताबर्डीवरच्या एका थिएटरात कधीतरी बाहेरगावचा एक नृत्यसंच आला होता, आणि कुणाच्या तरी फुकट पासावर मास्तर आत जाऊन बसले होते. त्या नाचात राधा नव्हती, कृष्ण नव्हता, मोर नव्हता. साध्या कपड्यांतली माणसं चालत होती, पडत होती, उठत होती. पास देणारा मध्यंतरात पळाला. मास्तर शेवटपर्यंत बसले. बाहेर आले ते म्हणतच, "हे तं आपल्या फाटकावर रोज होते!" महिनाभरात वस्तीच्या समाजभवनावर पाटी लागली, 'आधुनिक नृत्य कंपनी, नागपूर'. कंपनीत पाच मुली, मिलमधले दोन तरुण, आणि रेल्वेतले मिश्राजी तबल्यावर.

मिश्राजी मूळचे जबलपूरचे, जुन्या वळणाचे. मास्तरांच्या नाचाला ताल सापडत नाही अशी त्यांची तक्रार होती. पण रविवारी दुपारी घरी बसवत नाही, म्हणून येत.

कंपनीचा हंगाम हिवाळ्यात असायचा. आंबिया बहाराची संत्री बाजारात आली की आपले प्रयोग, असं मास्तरांनी ठरवलेलं. म्हणून हंगामाचं नावच आंबिया बहार. तालमीत मुली चहा मागू लागल्या की मास्तर संत्र्याच्या बागायतदारासारखे गंभीर होत. "बहाराच्या आंधी झाडाचं पानी तोडा लागते. ताण बसू द्या." मुली चिडून म्हणत, "मास्तर, आमी झाडं नोहो." त्यावर मास्तर म्हणत, "माहीत हाये. झाड कुरकुर नाही करत."

मास्तरांची आणि माझी गाठ पडली ती निकालाच्या दिवशी. आईला सांगायला मी धावत मिलच्या फाटकाशी गेले. खिडकीवरून पुढे सरले तोच आतून हाक आली.

"थांब वं पोरी. चपला मायच्या घातल्या काय?"

माझ्या सगळ्या घराण्यात पहिली पदवी त्या दिवशी माझ्या हातात आली होती, आणि जगाचा पहिला प्रश्न चपलांबद्दल होता. मी फणकाऱ्यानं म्हटलं, "तुम्हाला काय करायचंय?"

"बोटं आवळून चालून राहिली. पाऊल नाही उचलत तू, चप्पल सांभाळतं." मग आतला आवाज एकदम खाली आला. "एकडाव परत चालून दाखवतं का? त्या खांबापासून इकडं?"

"मी बी.ए. झालेय," मी म्हटलं. त्या वेळी कुठल्याही प्रश्नाला माझं तेच उत्तर असे.

मग मास्तर म्हणाले, "मंग हँडबिल लिहिता येत असन."

अशी मी कंपनीत शिरले. तेव्हापासून त्यांनी मला नावानं हाक मारली नाही. "काय वं बी.ए." एवढंच. मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

त्या वर्षीच्या आंबिया बहाराचं हँडबिल मी लिहिलं. चार प्रयोग होते: सीताबर्डी, भिवापूर, आमची वस्ती आणि शेवटचा कोराडीच्या वीज कॉलनीत. नाच पाच. त्यांतल्या 'रांग' या नाचात सात माणसं रेशनच्या रांगेत दहा मिनिटं उभी राहत. काहीच होत नसे. मग दुकान बंद होई. शेवटचा नाच 'पाळी सुटली'. त्यात एक बाई मिलमधून घरी जाते, बस. रंगमंचाच्या या टोकाकडून त्या टोकाकडे जायचं, अकरा पावलं.

या अकरा पावलांनी कंपनीला जेरीस आणलं होतं. कितीतरी बहार झाले, तरी मास्तरांच्या मनासारखा तो नाच एकदाही उतरला नव्हता. आणि पुढल्या उन्हाळ्यात मास्तर रिटायर होणार होते. "यंदा बसला पायजे," ते म्हणत. "पुढच्या साली खिडकी नाही राह्यत. मंग मी काय पाहून शिकवू?"

तो नाच शशिकला करायची. ती कथ्थक शिकलेली, कंपनीतली खरी नर्तकी ती एकटीच. मास्तर कपाळाशी आडवा पुठ्ठा धरून पाहायचे, म्हणजे वरचं अंग झाकलं जाऊन नुसते पाय दिसतात. कंपनीचा प्रमुख सबंध प्रयोग पुठ्ठ्याखालून पाहतो, हे बघून नवे प्रेक्षक आधी त्यांच्याकडेच पाहत. अकरा पावलं झाली की पुठ्ठा खाली यायचा आणि मास्तर एकच शब्द बोलायचे.

"नाही."

"काहून नाही?" शशिकला एकदा रडकुंडीला येऊन म्हणाली.

"तुह्यं पाऊल शिकलेलं हाये वं माय. मले न शिकलेलं पायजे." आणि त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं.

मी ते समजले. आमच्या घराण्यात मीच पहिली शिकले, आणि या माणसाला हवे होते ते माझे पाय, म्हणजे माझा एकमेव अशिक्षित अवयव. मी साफ सांगितलं, "मास्तर, मी हँडबिल लिहीन, पडदा ओढीन. लोकांपुढं चालून दाखवणार नाही." जी चाल मला सोडायची होती, तीच यांना तिकीट लावून दाखवायची होती.

तेवढ्यात मला सरकारी कचेरीत नोकरी लागली. पहिल्या पगारात मी तीन जोड घेतले, एकेकीच्या मापाचे. नवे सँडल घालून तालमीला गेले. वाटलं, मास्तर तरी कौतुक करतील. मी दारातून आत आले, चार पावलं चालले. मास्तरांनी मान खाली घातली.

"गेली."

"कोण गेली?"

"चाल," ते म्हणाले. "नोकरीनं नेली." असं अभिनंदन मला दुसऱ्या कुणी केलं नाही.

हंगाम सुरू झाला. सीताबर्डीला एक वार्ताहर आला, त्यानं "यातली राधा कोणती?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता गेला. 'रांग' संपताना मात्र मागून कुणीतरी ओरडलं, "उद्या या, साखर नाही!" आणि थिएटर हसलं. मास्तर म्हणाले, "पाहा, समजला त्याले." भिवापूरला प्रयोग मिरचीच्या बाजाराच्या आवारात होता. पाय आपटला की जमिनीतून तिखट उठायचं. सगळी कंपनी शिंकत नाचली. लोकांना वाटलं, आधुनिक म्हणजे असंच असणार. शिंकेशिंकेला टाळी पडली. वस्तीतल्या प्रयोगात तर माझे बाबा पहिल्या रांगेत बसून रिक्षावाल्याच्या नाचातल्या चुका सांगत होते.

तिन्ही ठिकाणी शेवटची अकरा पावलं झाली, पुठ्ठा खाली आला, आणि "नाही."

तिसऱ्या "नाही"ला शशिकलाचा बांध फुटला. "तुमाले पायजे तरी काय मास्तर? एकदा करूनच दाखवा ना."

मास्तर उठले. धोतर सावरलं. एक पाऊल टाकलं, थांबले. दुसरं टाकलं, मागे घेतलं. मग समाजभवनाच्या फरशीवर ते तसेच उभे राहिले, एखाद्याला रस्ता चुकल्यावर उभं राहावं तसे.

"आंधी डोये मिटले का दिसे," ते म्हणाले. "आता नाही दिसत. इसरून राहिलो मी."

घरी येऊन मी आईला हे हसत सांगायला लागले. आई हसली नाही. भाकरी थापता थापता म्हणाली, "सगुणाची चाल असन ते."

"कोण सगुणा?"

"त्याची बायको. माह्याच खात्यात होती. मास्तरच्याच चपला घालून ये. केवढ्या मोठ्या! बोटं आवळून, टाच घासत चाले. तो खिडकीत बसे अन् हे पाळीले ये-जा करे. भर वाटेत दोघं कधी बोलले नाही." आईनं भाकरी उलटली. "पोटात दुखलं तिले एका पावसाळ्यात. आठ दिवसांत गेली. तू तवा रांगत होती."

मी जेवले नाही असं काही नाही, जेवले. पण जेवण झाल्यावर बाजेखाली हात घालून आईचा जुना जोड ओढून काढला. आईनं तो टाकला नव्हता. आमच्याकडे काही टाकत नाहीत.

कोराडीला प्रयोग रविवारी दुपारी होता. कॉलनीच्या मैदानात सिमेंटचा उघडा ओटा, मागे वीजकेंद्राची धुराडी. सकाळी झाडलेल्या ओट्यावर दुपारपर्यंत राखेचा पातळ थर बसला होता, पिठी पसरावी तसा. मुली नाकं मुरडत होत्या. मास्तर खूश. म्हणाले, "पाऊल उमटते याच्यावर. असं स्टेज इलायतेत नसन."

चार नाच झाले. शेवटचा मी करते, असं मी शशिकलाच्या कानात सांगितलं आणि पिशवीतून आईचा जोड काढला. मिश्राजींनी पाहिलं.

"ये क्या? मंच पर चप्पल? बिटिया, यहाँ माथा टेकते हैं. मैं नहीं बजाऊँगा."

"मिश्राजी, ये चप्पल मेरी माँ की है," मी म्हटलं. दुसरं काही सुचलं नाही.

मिश्राजींनी तबल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग तबला-डग्गा उचलून ते सबंध वळले आणि ओट्याकडे पाठ करून बसले. "बजाऊँगा. देखूँगा नहीं."

मी ओट्यावर चढले. समोर पुठ्ठा वर गेलेला दिसला. त्याखाली मास्तरांचे डोळे. मी बोटं आवळली. ती आपोआप आवळली गेली, इतक्या वर्षांची सवय. पहिल्या पावलाला टाच घसरली तशी घसरू दिली. आईचा जोड, चार मैलांवरचं कॉलेज, उन्हाळ्यातलं डांबर, सगळं बोटांना पाठ होतं. मी नाचले नाही. घरी जावं तशी गेले. अकरा पावलं.

कुणी टाळी वाजवली नाही. लोकांना संपलं हेच कळलं नसावं. मी वळून पाहिलं. पुठ्ठा अजून वरच होता. मग हळूहळू खाली आला. मी त्या एका शब्दाची वाट पाहत उभी राहिले. मास्तर काही बोलले नाहीत.

लोक उठले, सामान आवरायला लागलो. कॉलनीचा झाडूवाला ओट्याशी आला.

"थांब गा," मास्तर म्हणाले. "जरासा थांब."

ते वर चढले. राखेत माझ्या पावलांची रांग उमटली होती. रुंद चप्पल, मागे टाचेची ओढ. मास्तर तिच्या कडेकडेनं, एकही पाऊल न मोडता, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. तिकडे जाऊन ओट्याच्या काठावर बसले.

"फोटो नाही काढला कधी तिचा," ते म्हणाले. मला उद्देशून की झाडूवाल्याला, कळलं नाही. "वाटे, काय घाई हाये. रोज तं दिसते."

मी शेजारी बसले. झाडूवालाही झाडूवर हात टेकून उभा राहिला. कोळशाचा ट्रक गेला तशी राख थोडी उडाली. दोन पावलं पुसट झाली, नऊ राहिली.

"बी.ए.," मास्तर म्हणाले, "चप्पल मोठी होते तुले."

"हो."

"तिलेबी होय."

त्या आंबिया बहारात हँडबिलात लिहिलेले चारही प्रयोग झाले. चौथ्यात शेवटचा नाच बरोबर झाला.