फालुद्यावर जावई

आमच्या शेजारचे नाना जावई शोधायचे ते फालुद्यावर. पत्रिका नाही, पगार नाही, वावर किती हेही नाही. स्थळ आलं की मुलाला घेऊन निघायचं अकोल्याला, स्टेशनाजवळच्या त्या नामांकित फालुद्याच्या दुकानात. साठ-एकसष्ट सालच्या सुमारास ते दुकान ठाऊक नसलेला माणूस भेटला असता, तर नानांनी त्याला वऱ्हाडी मानलंच नसतं.

"गिलास समोर आला का मानूस उघडा पडते, भाऊ," ते मला सांगत. अमरावतीच्या सरकी काढायच्या जिनात कापसाच्या वजनकाट्यावर त्यांची नोकरी. पारख करायची खोडच जडलेली. आणि साक्षीदार म्हणून दर खेपेला मी! का? तर शेजारी राहतो, हा माझा गुन्हा.

शेंदूरजनाघाटचा संत्र्यांच्या बागेचा मालक आला. त्याने वरची मलई आधी खाल्ली. "आपमतलबी!" बाद. चांदूर बाजारचा तर आमच्या बगलेतला. त्यालाही मोटारीत कोंबून अकोल्याला नेला. त्या बिचाऱ्याने चमचा घालून सगळं ढवळलं. "हा घरात कालवाकालव करीन." बाद. आणखी एकाने तळाचा सब्जा सोडला. "अर्ध्यात सोडनारा हाय हा. माह्या पोरीले सोडलं तं?" आता सब्ज्याचा आणि पोरीचा काय संबंध, बाप्पा? पण नानांपुढे बोलायची सोय नव्हती.

इकडे मंदा, नानांची एकुलती एक, बिनआईची पोर, चोविशीला टेकली. आमची बायको रोज माझ्यावरच करवादायची, जसा काही फालुदा मीच शोधून काढला. अशात अकोल्याच्या एका तरुण मास्तरचं स्थळ आलं. पाहण्याच्या कार्यक्रमात मंदाने त्याला चोरून नीट पाहून घेतलं आणि मग मला गाठलं. "काका, मले हा पसंत हाय. बाबाले आवरा ना. याले बी फालुद्यात बुडवतीन ते."

आवरतो कसला! आठवड्यात आम्ही तिघं त्या दुकानात. मास्तर शांत. मलई, शेवया, गुलाबी दूध, सगळं एकाच चमच्यात घेत, गप्पा मारत त्याने खाल्लं. तळाचा सब्जाही चाटूनपुसून. म्हटलं, सुटलो एकदाचे. तर नाना दुकानदाराला ओरडले, "चाचा, अजून एक आना याले!"

दुसराही तस्साच संपला. नानांच्या कपाळावर घाम. ते आणखी एक सांगणार, तेवढ्यात मास्तर म्हणाला, "मामाजी, माहं पोट भरलं. तुमी काहून नाही घेऊन राहिले? बर्फाचं पानी झालं सारं."

खरंच की. नानांनी आपल्या ग्लासाला हातसुद्धा लावला नव्हता. फालुदा समोर ठेवून बसलेले नाना मी पहिल्यांदाच पाहत होतो. ते ग्लास बाजूला सारून मास्तरला म्हणाले, "पोरीच्या हातचं तिखट राहते. चालन ना?"

म्हणजे ठरलं! मी आनंदाने त्यांच्या पाठीत थाप मारली.

परतीच्या मोटारीत मात्र नाना खिडकीकडे तोंड करून बसले. म्हणाले, "लय शोधलं, भाऊ. या पोट्ट्यात खोट काई भेटलीच नाही."

"मग बरंच झालं की, नाना!"

"बरंच झालं. पन आता मले 'बाबा, जेवले का' असं कोन म्हनन?"

मी म्हटलं, "आमच्याकडे येत जा रोज जेवायला."

"तुमच्या घरचं वरन लय पातळ असते," असं म्हणाले आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसू लागले. मूर्तिजापूर येईपर्यंत पुसतच होते.