एकशे सव्वीस दारं

यंदाची बी.एस्सी. मी रेशमात गुंडाळून घरी आणणार! असं मी फेब्रुवारीतच साऱ्या पिंपळगाव राजाला सांगून टाकलं होतं. विचारलेलं कुणीच नव्हतं, तरी सांगितलं.

सांगणं भाग होतं. मागच्या वर्षी प्राणिशास्त्राच्या प्रोजेक्टला मी गप्पी मासे घेतले होते. परीक्षेच्या आदल्या दिवशी प्रेमाने टाकी घासली, नळाचं औषध टाकलेलं ताजं पाणी भरलं, आणि सकाळी पाहतो तर बावीसच्या बावीस मासे पोटं वर करून शवासनात! आमचे बाबा, पुंजाजी, टपाल वाटतात. बातमी कमी शब्दांत पोचवायची त्यांना सवय आहे. म्हणाले, "मासे सुटले बे. तू अटकला."

अटकलोच होतो. बाकी सगळे पेपर सुटले, हा पन्नास मार्कांचा प्रोजेक्ट तेवढा उरला. पासिंगला वीस. ही शेवटची संधी. हुकली की मी पुन्हा निव्वळ बारावी पास.

म्हणून रेशमाचे किडे. आमच्या योगिनी मॅडमनी विषय दिला: 'तुतीवरील रेशीम कीटक : संगोपन ते धागा.' किडे घरी वाढवायचे, त्यांनी कोष विणले की पाच-सहा दिवसांत जिवंत कोष कॉलेजात आणायचे, आणि बाहेरच्या परीक्षकांसमोर गरम पाण्यात सोडून धागा काढून दाखवायचा. सोपं! रामरावांच्या तुतीच्या मळ्यातून मी वर्तमानपत्राच्या घडीत किडे आणले. मोजले. एकशे सव्वीस.

ठेवायचे कुठे? मी म्हणालो, "महामायाची खोली रिकामीच तर आहे."

हे वाक्य आमच्या घरात दोन वर्षांत कुणी उच्चारलं नव्हतं. माझी बहीण एकोणीस वर्षांची होऊन गेली. तेव्हापासून त्या खोलीला कडी होती आणि आईच्या गळ्याला कुलूप. शेतात निंदताना जिच्या ओव्यांवर साऱ्या बाया हात चालवायच्या, ती आमची चांगुणामाय आता मिठाचा डबा मागायलासुद्धा बोट दाखवायची.

ती उठली आणि तिने कडी काढली. खोली झाडली, खिडकी पुसली, आणि किड्यांकडे वाकून पाहिलं.

"लय बारीक हायेत. काय खातेत?"

"तुतीची पानं. दिवसातून चार वेळा."

"अन् तू उठतं आठ वाजता!" असं म्हणून तिने माझा प्रोजेक्ट ताब्यात घेतला.

इथून घर घसरायला लागलं. पुस्तकात लिहिलं होतं की या किड्यांना उग्र वास सोसत नाही. मी ते मोठ्याने वाचलं, ही माझी चूक. दुसऱ्या दिवशी घरातली फोडणी बंद! बिनफोडणीचं वरण, बिनलसणाची भाजी. बाबांची तंबाखू अंगणाबाहेर गेली. संध्याकाळच्या वंदनेची अगरबत्तीसुद्धा तुळईखालून उठून ओट्यावर आली.

"चांगुणा, हे घर हाय का दवाखाना?" बाबा कळवळले.

"हळू बोला. निजले आत्ताच."

"किडे?"

"कात टाकून राह्यले. त्याइले तरास होते."

बाबा माझ्याकडे असे पाहायचे की जणू खाष्ट सासू मीच घरात आणलीये आणि ती माझीच आई निघालीये.

किडे वाढले. बोटाएवढे झाले. खोलीच्या दाराशी उभं राहिलं की शंभर तोंडं पानं कुरतडत असायची, वाळूवर कुणी सुपाने ज्वारी पाखडावी तसा आवाज. आणि एका सकाळी त्या आवाजात दुसरा आवाज मिसळला. आई पानं चिरत होती आणि चिरता चिरता गात होती.

*तुती बाई तोडू गेली, बोट हिरवं गं झालं,*
*शंभर लेकरांनी माझं घर भरून गं गेलं.*

बाबा सायकलला टपालाची थैली अडकवत होते. त्यांचा हात तसाच राहिला. त्या दिवशी आमच्या गल्लीची पत्रं उशिराच वाटली गेली असणार. मी मात्र खोलीबाहेर उभा राहून पार गळालो, कारण पुढचं मला माहीत होतं. धागा सलग सुटायला हवा तर आतला जीव बाहेर येण्याआधी कोष गरम पाण्यात सोडायचा. आतला जीव आतच राहतो. बाबा रोज विहारात पंचशील म्हणतात, त्यातलं पहिलंच शील, जीव न मारण्याचं, माझ्या वीस मार्कांच्या आडवं बसलं होतं. आईचं तर विचारूच नका!

तिने एकदा विचारलंच. किडे तेव्हा कोष विणायला लागले होते. चंद्रिकेवर, म्हणजे कोष विणायच्या बांबूच्या चटईवर, पांढरी बोरं लागल्यासारखी दिसत होती.

"आता पुढं काय करतीन रे हे?"

"कॉलेजात जातील, माय."

"कायले?"

"तिथं... मोठी जागा आहे."

"होस्टेलसारखी?"

"हाव," मी म्हणालो. "होस्टेलच."

थाप एका शब्दाची होती, पण आईने ती गल्लीभर नेली. "माहे लेकरं होस्टेलले चालले!" शेजारच्या मनकर्णाबाई निवृत्त शिक्षिका. चुकीचं उत्तर कानावर पडलं आणि त्या गप्प बसल्या, असं चाळीस वर्षांत झालेलं नाही. परीक्षेच्या आदल्या दुपारी त्या कुंपणाशी आल्या, खांद्यावर स्वतःची लग्नातली रेशमी साडी टाकून. हे सगळं मला नंतर कळलं.

"चांगुणा, हे बघ होस्टेल," त्या पदर पसरून म्हणाल्या. "उकळत्या पाण्यात टाकतात त्यांना. तेव्हा धागा सुटतो."

"जितेपणी?"

"मग काय! बाहेर आले की भोक पडतं, धागा तुटतो. एका साडीला हजारो लागतात."

आईने म्हणे पदराला हातही लावला नाही.

सकाळी मी आंघोळ करून येतो तर सगळे कोष खोक्यात भरून, कापसाच्या थरांत नीट रचून, वर दोरी बांधून तयार!

"माय, तू कशाला बांधलंस?"

"तू घाई करतं. मांगच्या वर्षी मासे असेच घाईत धुतले."

मी गहिवरलो. काय ही माउली! खोकं मांडीवर घेऊन खामगावची एसटी धरली. खड्डा आला की खोकं छातीशी धरत होतो. एकशे सव्वीस जिवांना मी ज्या काळजीने मारायला नेत होतो, तेवढी काळजी त्या मेल्या माशांना मिळती तर आज दुसऱ्याच एसटीत असतो.

बाहेरचे परीक्षक गजेंद्र सर. चेहरा असा की हसू त्यांनी घरी कपाटात ठेवलं असावं. शेगडीवर भांडं होतं, पाण्याला वाफ सुटली होती. मी ऐटीत म्हणालो, "सर, एका कोषातून जवळजवळ हजार मीटर धागा!"

"काढा."

मी दोरी सोडली. कोषांखाली तुतीची कोवळी पानं अंथरलेली, दव तसंच.

"ही पानं कशाला?" योगिनी मॅडमनी विचारलं.

कोषातला जीव काही खात नाही, हे पहिल्या वर्षाचं पोरही सांगेल. माझ्या तोंडून निघालं, "शिदोरी, मॅडम."

मागे कुणीतरी फुसकन हसलं. मी घाईने एक कोष उचलला आणि पाण्यात सोडला. कोष तरंगतो, असं पुस्तकात आहे. माझा बुडाला! दगडासारखा डुबकन तळाला!

"हे काय?" सर.

"कोष, सर."

"बुडाला कसा?"

"भरला असेल, सर."

"कशाने?"

मॅडमनी दुसरा कोष उचलून उजेडात धरला, फिरवला, आणि त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "अश्वजित, हा कापलाय." तिसरा घेतला, चौथा घेतला. प्रत्येकाच्या टोकाला कात्रीने घेतलेलं नेटकं, गोल छिद्र. काजं करताना आई कापड जसं जपून कापते, अगदी तसं. आतल्या जिवाला कुठेही टोक लागलेलं नाही. एकशे सव्वीस कोष, एकशे सव्वीस दारं!

"धाग्याचे हजार तुकडे झाले," गजेंद्र सर म्हणाले. "कुणी केलं हे?"

काय सांगणार! मासे मी मारले होते तेव्हा स्वतःचं नाव सांगायला लाज वाटली नव्हती; आईचं कसं सांगू? "माझ्याकडून झालं, सर."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. नापास लिहायला पेन टेकवलंच होतं. मॅडम हळूच म्हणाल्या, "सर, आतले जीव शाबूत आहेत. याची शेवटची संधी आहे." सरांनी पेनाला टोपण लावलं. "धागा गेला. आता पतंग निघतील त्यांचं तरी रोजचं निरीक्षण लिहून आणा. पंधरा दिवसांनी तोंडी. काही हुकलं तर नापास."

घरी आलो. आईने खोकं उघडलं आणि माझ्याशी एक शब्द न बोलता मोजायला बसली.

"एक कमी हाय."

"सरांनी ठेवून घेतला. नमुन्याला."

तिने मान हलवली. तिला कळलं होतं. मला कळलं होतं की तिला कळलं. आम्ही दोघांनी तो विषय खोक्यातच ठेवला.

चौथ्या दिवशी पतंग निघाले. पिठात लोळल्यासारखे पांढरे, जाड पोटाचे. आईने खिडकी सताड उघडली. "जा बाप्पा," ती म्हणाली. कुणी गेलं नाही. पंख फडफडवून जिथल्या तिथं गरगरत राहिले.

"काऊन उडत नाई?"

"यांना उडता येत नाही, माय. माणसांनी पाळून पाळून विसरले."

"तुह्यासारखेच हायेत," बाबा ओट्यावरून म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

मग तिने बशीत साखरपाणी केलं. कापसाचे बोळे भिजवून प्रत्येकाच्या पुढ्यात ठेवले. सकाळी बोळे तसेच, साखर सुकून पांढरी झालेली, मुंग्यांची रांग लागलेली. तिने नवे भिजवले. दुसऱ्या दिवशी परत. मी वहीत लिहीत होतो: 'दिवस दुसरा. मीलन. अंडी.' 'दिवस तिसरा. हालचाल मंद.' तिसऱ्या दिवशी ती बशी घेऊन माझ्याजवळ येऊन बसली.

"अश्वजित, हे खात काऊन नाई?"

बारावीत दोन मार्कांना लिहिलेलं उत्तर मी तिला महिनाभर सांगितलं नव्हतं. "यांना तोंडच नसतं, माय. किडा होता तेव्हा खाल्लं, तेवढ्यावर पाच-सात दिवस काढतात."

तिने बशी मांडीवर ठेवली. म्हणाली, "महामायानंही शेवटल्या आठवड्यात खाल्लं नव्हतं. म्या चमचा नेला की मान फिरवे. म्या रागावले होते तिच्यावर." मग बोटाने बशीची कड पुसली. "भूक लागत असन का रे याइले?"

पुस्तकात ते दिलेलं नाही. "नाही, माय," मी म्हणालो. "अजिबात नाही लागत."

"मंग ठीक हाय," ती म्हणाली. आणि उठून पुन्हा बोळे भिजवायला गेली.

निघाल्यापासून सातव्या दिवसापर्यंत सगळे संपले. तिने ते पदरात गोळा केले आणि परसात कढीपत्त्याच्या बुंध्याशी पुरले. त्या संध्याकाळी घरात महिन्याने फोडणी पडली. कुणालाच जेवण गेलं नाही.

पंधराव्या दिवशी तोंडी परीक्षा. गजेंद्र सर पानं उलटत होते.

"नोंदी बऱ्या आहेत. प्रौढ पतंग किती दिवस जगतो?"

"पाच ते सात, सर."

"उडतो?"

"नाही, सर."

"अन्न?"

उत्तर येत होतं. इतकं येत होतं की झोपेतसुद्धा सांगितलं असतं. तरी मी सरांच्या डोळ्यांत पाहून म्हणालो, "साखरपाणी, सर."

योगिनी मॅडमनी कपाळाला हात लावला. सरांनी लाल पेनाने एकवीसचे वीस केले.

पास झालो! काठावर, पण झालो. गुणपत्रिका आईच्या हातात दिली तर तिने विचारलं, "एक मार्क कायले कापला?" मी म्हणालो, "एक सोपं उत्तर चुकलं." तर म्हणाली, "अभ्यास करत जाय बाप्पा."