कलशेट्टींची पँट कुठे जाते

शिवशरण कलशेट्टी यांच्या पायांतली वळवळ वॉशिंग मशीनने काढून घेतली आणि त्यांच्या पँटमध्ये घातली. तेव्हापासून ती पँट धुऊन झाली की फिरायला जाते.

वळवळ जुनी होती. कलशेट्टी सोलापुरातल्या एका हायस्कुलातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. नोकरीभर ते खुर्चीत बसले, आणि घरी येऊन पलंगावर आडवे झाले की पोटऱ्यांच्या आतून कुणीतरी ‘चल, चल’ करायचं. उठून चार पावलं टाकली की तेवढ्यापुरतं थांबायचं. पुन्हा पडले की पुन्हा सुरू. त्यांच्या बायकोने, महानंदाने, तेल चोळून पाहिलं, पंचा आवळून पाहिला, पोटऱ्यांवरून लाटणंसुद्धा फिरवून पाहिलं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि दुखण्याचं इंग्रजी नाव सांगितलं. नाव कळल्यामुळे कलशेट्टींना बरं वाटलं. पायांना काही वाटलं नाही.

मशीनचा शोध अपघातानेच लागला. बाल्कनीतलं त्यांचं सेमी ऑटोमॅटिक मशीन कपडे पिळायला लागलं की उड्या मारत कठड्याकडे सरकायचं. एका संध्याकाळी महानंदाचे हात कणकेत होते. ती आतून ओरडली, “ओ, तेवढं मशीन धरा की!” कलशेट्टी स्टुलावर बसले आणि त्यांनी दोन्ही तळपाय मशीनला रेटले. पिळणं थांबलं तेव्हा त्यांचे पाय गप झाले होते. त्या दिवशी ते जेवून झोपले ते दूधवाल्याच्या घंटेलाच उठले. मग रोज दुपारी कपडे पिळताना ते मशीनला तळपाय लावून बसू लागले.

आता एखादी गोष्ट एका जागेवरून गेली, की ती दुसरीकडे कुठेतरी असणारच. वळवळ कपड्यांत गेली. शर्टाला पाय नाहीत, त्यामुळे तो दोरीवर नुसताच अस्वस्थ असायचा. साड्या धड घडी घालू देईनात. पँटला मात्र दोन पाय असतात. तिने चिमटे सोडवून घेतले, बाल्कनीतून घरात आली, दार उघडंच होतं, आणि जिना उतरून गेली.

पहिल्या दिवशी ती पिठाच्या गिरणीपाशी सापडली. गिरणीवाल्याने घडी घालून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी तपकिरीच्या ऐवजी राखाडी धुतली, तर तीही गिरणीपाशीच. ढगाळ हवेच्या दिवशी गिरणी ओलांडून थेट पानपट्टीपाशी. तेव्हा महानंदाच्या ध्यानात आलं की पँट ओली असेतोवर चालते आणि वाळली की असेल तिथे पडते. सोलापूरचं ऊन कडक, म्हणून ती लांब जात नव्हती. जायचं मात्र तिला लांब होतं, आणि कुठलीही पँट असली तरी रस्ता एकच होता.

इथे महानंदाच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

“ओ,” तिने चहा देताना विचारलं, “पानपट्टीच्या पलीकडं कोण राहतंय?”

“कोण राहणार? माणसं,” कलशेट्टी पेपरातून म्हणाले.

“कसली माणसं?”

“माणसांसारखी माणसं. हे काय विचारणं झालं?”

“तुमचे पाय तिकडं निघालेत, म्हणून विचारायलेय.”

“माझे पाय हितं आहेत की!” त्यांनी पाय पुढे करून दाखवले. पाय खरोखरच तिथे होते, अगदी शांत. “ती पँट आहे. पँटचं मी काय सांगू?”

त्यांनी कानावर हात ठेवले खरे, पण पुढचं पान उलटायला जरा उशीर केला. महानंदाने तेवढं हेरलं. पानपट्टीच्या पुढच्या गल्लीत विजापुरे बाई राहत. कलशेट्टींच्याच शाळेत त्या शिवणकाम शिकवायच्या. लग्न केलं नव्हतं. दर संक्रांतीला त्यांच्याकडून तिळाच्या वड्यांचा डबा यायचा, आणि डबा परत करायला कलशेट्टी स्वतः जायचे. एरवी हा माणूस उठून पाण्याचा तांब्या घेत नाही. इतकी वर्षं महानंदाला त्यात काही दिसलं नव्हतं. आता तिला त्यात दुसरं काही दिसेना.

मशीन दुरुस्त करणारा सादिक आला. त्याने मशीन कलतं करून पाहिलं, पाइप हुंगला आणि विचारलं, “काकू, पिळलेलं पाणी कुठं सोडता?”

“सोडतेय कशाला? ड्रममध्ये भरतेय. दुसऱ्या दिवशीचे कपडे त्यातच. मग त्यानं फरशी पुसायची, आणि मग संडासात. नळ काय रोज येतोय का हितं?”

“मग बरोबर आहे,” सादिक म्हणाला. “वळवळ पाण्यासंगं गटारात जायला पाहिजे. तुम्ही तीच परत कपड्याला पाजताय. रोज नवी, वर कालची. मुरणारच ना. दोनदा चांगल्या पाण्यातनं खळबळून काढा, पँट गप पडंल.”

“आणि वळवळ?”

“ती गेली गटारात.”

“पण तिला जायचं कुठं होतं, ते?”

सादिक हत्यारं पिशवीत भरत होता. “ते काय मशीनमध्ये कळत नाही, काकू,” तो म्हणाला.

त्या दिवशी नळाला भरपूर पाणी होतं. महानंदाने सगळी भांडी भरली, पिंप भरलं, पण पँटला चांगलं पाणी दाखवलं नाही. पँट गप पडली असती तर नवरा सुखाने झोपला असता आणि ती जन्मभर जागी राहिली असती. हा माणूस इतकी वर्षं रोज रात्री आपल्याशेजारी पाय झाडत पडायचा, तेव्हा त्याला आपल्याजवळून उठून कुठे जायचं होतं, एवढंच तिला पाहायचं होतं. तिने बाटलीच्या झाकणाला दाभणाने भोकं पाडली आणि ड्रममधलं पाणी तीत भरलं.

दुसऱ्या दिवशी पँट निघाली तशी महानंदाही पिशवी घेऊन मागे निघाली. अपार्टमेंटचा वॉचमन उठून उभा राहिला.

“काकू, ही रोज जाते. कुठं चाललीस विचारलं तर बोलत नाही.”

“तिला तोंड कुठंय?” महानंदा म्हणाली. वॉचमनला ते पटलं आणि तो परत बसला.

पँट रस्त्याच्या कडेकडेने चालत होती. बेताचीच चाल, कलशेट्टींसारखीच, उजवा पाय किंचित बाहेर टाकत. गिरणीपाशी ती मंदावली. महानंदाने दोन्ही गुडघ्यांवर पाणी शिंपडलं. पँटने पुन्हा चाल धरली. पानपट्टीवाल्याने ओळखीचा हात केला, तो पँटला की आपल्याला हे तिला कळलं नाही. पुढे पँट गल्लीत वळली. विजापुरे बाई ओट्यावर शेंगा निवडत बसल्या होत्या. भांडायला काय काय बोलायचं ते महानंदाने गिरणीपासूनच मनात जुळवून ठेवलं होतं.

पँट ओट्यासमोर आली आणि तशीच पुढे गेली. वळलीसुद्धा नाही.

“काय ओ, वहिनी! इकडं कुठं?” विजापुरे बाई म्हणाल्या. मग त्यांनी चष्मा वर करून पाहिलं. “साहेबांची पँट ना ती? कंबरेत मीच सैल करून दिली होती. थांबवा की, चहा टाकते.”

“ती थांबत नाही,” महानंदा म्हणाली.

“साहेबही कधी थांबले नाहीत. डबा द्यायचे आणि निघायचे.” बाईंनी एक खवट शेंग बाजूला टाकली. “मला वाटायचं, तुम्हीच लवकर या म्हणत असाल.”

महानंदा असं कधी म्हणाली नव्हती. डबा द्यायला दुपारी निघालेले हे घरी यायचे तेव्हा दिवे लागलेले असायचे. पँट गल्लीच्या टोकाला पोहोचली होती, तिला गाठायला ती जवळजवळ पळालीच. जुळवून ठेवलेली वाक्यं तोंडातल्या तोंडात राहिली. आता पुढे कोण? कुठली? मनाने गावातल्या सगळ्या ओळखीच्या बायका एकेक करून उभ्या केल्या, पण त्या रस्त्याला कुणीच राहत नव्हतं. हळूहळू घरंच संपली. प्लॉटिंगचे पांढरे दगड लागले. मग तेही संपले. बाटलीतलं पाणी निम्म्याच्या खाली गेलं होतं.

माळावर एका बाभळीशेजारी बसण्याजोगा दगड होता. पँट तिथे गेली, वळली, गुडघ्यात वाकली आणि दगडावर बसली. सवयीच्या जागी बसावं तशी.

महानंदाने सगळीकडे पाहिलं. घर नव्हतं, बाई नव्हती, देऊळ नव्हतं, चहाची टपरीसुद्धा नव्हती. कुणी येण्याची वाट पाहावी असा रस्ताही नव्हता. वारा होता आणि लांबवर एक टिटवी ओरडत होती. महानंदाला रडू आलं. बाई असती तर भांडता आलं असतं. झिंज्या उपटता आल्या असत्या. एवढ्या मोठ्या माळाशी माणसाने भांडायचं तरी कसं?

फोन वाजला. कलशेट्टी होते.

“कुठं आहेस गं?”

“पँट जिथं आलीय तिथं.”

“पोचली का?” त्यांनी विचारलं.

“पोचली. बसलीय.”

“काय आहे तिथं?”

“काही नाही. एक बाभळ आहे. बसायला दगड आहे. बाकी काहीच नाही.”

कलशेट्टींनी हळूच, लहान मुलासारखं विचारलं, “चांगलं आहे का?”

महानंदाने डोळे पुसले आणि पुन्हा एकदा नीट पाहिलं. ऊन उतरलं होतं. माळ तांबूस झाला होता आणि कुठेही अडखळल्याशिवाय नजर लांबपर्यंत जात होती.

“बरं आहे,” ती म्हणाली.

“हं,” कलशेट्टी म्हणाले. “ये मग सावकाश.” आणि त्यांनी फोन ठेवला.

‘मीही येतो’ असं ते म्हणाले नाहीत. ‘घेऊन ये तिला’ असंही म्हणाले नाहीत. महानंदा या दोन्हींचा विचार करत उभी राहिली. मग दगडाच्या उरलेल्या भागावर ती बसली. जागा बेताचीच होती. तिचा गुडघा पँटच्या गुडघ्याला लागला. पँट उठून पुढे जाईल, निदान थोडी सरकेल तरी, म्हणून ती पाहत राहिली.

पँट सरकली नाही.

तिला सरकायचं नव्हतं, की ती वाळली होती, हे नुसतं बघून सांगता येत नव्हतं. बाटलीत अजून दोन गुडघ्यांपुरतं पाणी होतं. एकदा शिंपडलं असतं तर कळलं असतं. महानंदाने बाटली हातात घेतली, थोडा वेळ तशीच धरली, आणि पिशवीत तळाशी घालून पिशवी दगडापलीकडे ठेवून दिली.