लेक मार्जरीची गुलामगिरीतून मुक्तता

कोणतेही तळे इंग्रजाच्या नजरेस पडेपर्यंत भूगोलात नसते. ते नुसतेच जमिनीवर असते. पारशिवनीपलीकडच्या काळसर तलावाचेही तसेच होते. ढिवरांच्या कैक पिढ्या त्यात मासे धरत होत्या, परंतु त्याचा शोध मात्र कर्नल बॉडकिन यांनी लावला. त्यांनी दोरीला वजन बांधून पाण्यात सोडले. दोरी संपली. साहेबांनी ‘तळ नाही’ अशी नोंद केली (दोरी आखूड असणे साम्राज्याला शोभले नसते), तळ्याला पत्नीचे नाव देऊन ‘लेक मार्जरी’ अशी पाटी ठोकली आणि विनापरवाना मासेमारीस बंदी घातली. साहेबांना स्वतःला गळ टाकण्याचा नाद होता, हा निव्वळ योगायोग.

यंदा हा कलंक पुसण्यासाठी नागपुरात आमची समिती स्थापन झाली. अध्यक्ष मनीषनगरचे विश्वनाथराव. अनेक बैठका आणि अगणित तर्री-पोहे झाल्यावर मार्जरीबाईंची पाटी उतरवण्याचे ठरले. समारंभात विश्वनाथराव गहिवरून म्हणाले, “आजपासून हे तळं तुमचं!”

समोर गावचा धोंडबा ढिवर बसला होता. त्याने भाषण ऐकले, इथवर ठीक. पण त्याने ते खरे मानले. टाळ्या चालू असतानाच त्याने आपला डोंगा पाण्यात ढकलला आणि जाळे टाकले. चौकीदार अंकुशने (हा त्याचा सख्खा साडू) त्याला काठावर आणले.

“साहेब गेला म्हनता ना? मंग जाळं काहून नाही टाकाचं?” धोंडबा म्हणाला.

“साहेब गेला गा,” अंकुश खाली बघत म्हणाला, “त्याचा कायदा चालू हाय.”

विश्वनाथरावांनी खुलासा केला : नाव हा आमच्या समितीचा विषय, कायद्यासाठी वेगळी समिती लागेल. डोंगा जप्त झाला.

धोंडबाची बायको जिजाबाई नागपूरला आली. “डोंगा नसन तं आमी खाचं काय, साहेब?” विश्वनाथरावांचे डोळे पाणावले. इतकी अस्सल देशी वस्तू चौकीत सडत पडावी! त्यांनी वजन खर्चून डोंगा सोडवला आणि मनीषनगरच्या बागेत दिवे लावून मांडला. वर पाटी : ‘आपला वारसा’. धोंडबा आता नागपुरातच, लकडगंजच्या बाजारात पोती उचलतो.

रविवारी बागेत डोंग्यापाशी सेल्फीसाठी गर्दी असते. परवा जिजाबाई डोंग्यावर हात ठेवून उभी होती. तेव्हा “मावशी, जरा बाजूले व्हा, फोटोत येऊन राहिल्या,” असे आपण तिला अतिशय सभ्यपणे सांगितलेत. ती लगेच बाजूला झाली.

फोटो छान आला आहे आपला.